दया घेण्याचे धैर्य

दिवाळीच्या पणत्या आणि आमच्या दफनभूमीतल्या मेणबत्त्या काही वर्षी अगदी शेजारीशेजारी पेटतात. २ नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांचा दिवस. २०२४ साली पाडवा नेमका त्याच तारखेला आला होता. वसईकडच्या आमच्या गावांत त्या आधीच घरोघरची माणसे कुदळ-फावडे घेऊन दफनभूमीत जातात, आपापल्या थडग्यांवरचे गवत काढतात, चुना लावतात, झेंडूच्या माळा घालतात. मग फादर येतात, मृतांसाठी मिस्सा होतो, थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडले जाते. पोरांना त्या दिवशी भीती वाटत नाही. आपली माणसे आपल्याला भेटायला आली आहेत, अशीच काहीशी त्यांची समजूत असते.

माझी आजी या दिवशी घरून एक मेणबत्ती जास्त घेत असे. आमच्या घराण्याच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून झाल्या, की ती एकटीच दफनभूमीच्या कोपऱ्याकडे, निवडुंगाच्या बाजूला जाई. तिथे क्रूस नव्हता, नाव नव्हते, नुसता एक उंचवटा होता. स्वातंत्र्यानंतरच्या दोनचार वर्षांत गावातल्या एका केळीबागाइताने आत्महत्या केली होती. त्याला तिथे पुरले. घंटा वाजली नाही, मिस्सा झाला नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज होते हे साऱ्या गावाला ठाऊक होते. ते कर्ज कशापायी झाले, हे शेजारीण म्हणून आजीला ठाऊक होते. ते तिने अखेरपर्यंत कोणाला सांगितले नाही.

मी एकदा तिला विचारले, "आजी, तू तिथे मेणबत्ती लावायचीस म्हणून फादर रागावले नाहीत?"

ती म्हणाली, "मेणबत्ती माझ्या पैशाची होती."

पुढे कित्येक वर्षांनी मी ग्रॅहम ग्रीन यांची 'द हार्ट ऑफ द मॅटर' ही कादंबरी वाचली आणि मला आजीचे ते उत्तर आठवले. तेव्हापासून ती कादंबरी मी तीनदा वाचली आहे. दर वेळी तिच्याशी माझे भांडण झाले आहे, आणि दर वेळी माझे भांडण निराळे होते. त्याचाच हा थोडा हिशेब.

ग्रीन जन्मले १९०४ साली. कॅथलिक पंथ त्यांनी १९२६ साली, लग्नाच्या आधी स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या कामासाठी ते पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये, फ्रीटाऊन या बंदरात राहिले होते. त्या दमट, गंजक्या, गिधाडांनी भरलेल्या गावातूनच १९४८ सालची ही कादंबरी आली.

मेजर स्कोबी हा तिथला पोलीस अधिकारी. प्रामाणिक, थकलेला, बढतीत डावलला गेलेला. त्याची एकुलती मुलगी इंग्लंडात लहानपणीच वारली. बायको लुईस हिला तिथे करमत नाही. तिच्यावरचे प्रेम आटले आहे, पण लग्नाच्या दिवशी हिला सुखी ठेवीन अशी त्याने मनाशी शपथ घेतलेली आहे, ती आटलेली नाही. तिला दक्षिण आफ्रिकेला पाठवता यावे म्हणून तो युसुफ नावाच्या एका सीरियन व्यापाऱ्याकडून पैसे घेतो आणि तिथे त्याच्या पायात पहिली बेडी पडते. मग एक बुडालेल्या जहाजातून वाचलेली पोरगी, हेलन, येते. नुकतीच विधवा झालेली, हातात तिकिटांचा अल्बम घट्ट धरून बसलेली. स्कोबीला तिची कीव येते. कीव येते आणि तो गुंततो. एवढ्यात लुईस परत येते आणि म्हणते, चल, आपण दोघे मिळून ख्रिस्तप्रसाद घेऊ.

इथे कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या धर्मात मिस्सामध्ये मिळणारा प्रसाद हे साक्षात ख्रिस्ताचे शरीर मानले जाते. मनात जड पाप असताना, त्याची धर्मगुरूपाशी कबुली न देता तो घेणे हे आणखी एक महापाप. आणि कबुली म्हणजे नुसते सांगून मोकळे होणे नव्हे. ते पाप पुन्हा करणार नाही असा निश्चय तीत लागतो. स्कोबी फादर रँक यांच्यापाशी कबुलीला जातो, पण हेलनला सोडतो असे खोटे वचन देववत नाही म्हणून क्षमा न घेताच उठतो. मग बायकोला संशय येऊ नये म्हणून तिच्या शेजारी गुडघे टेकून तो प्रसाद घेतो. आपण नरकात चाललो आहोत अशी त्याची खात्री आहे. शेवटी या दोघी बायकांना आपल्यापासून आणि, विलक्षण गोष्ट अशी, की देवालाही आपल्यापासून सोडवावे म्हणून तो जीव देतो. मरण आजाराने आले असे दिसावे, याचीही तो काळजी घेतो.

पुस्तक निघाले तेव्हा त्यावर बरेच वादंग झाले. ईव्हलिन वॉ हे ग्रीन यांचे मित्र आणि स्वतः कॅथलिक कादंबरीकार. देवावरच्या प्रेमापोटी स्वतःचा नरकवास पत्करणे ही कल्पनाच त्यांना धर्मदृष्ट्या असह्य वाटली. जॉर्ज ऑरवेल यांनी दुसऱ्याच टोकाकडून हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे असे की, स्कोबीचा नरकावर खरोखर विश्वास असता तर दोन बायकांच्या मनाला लागू नये एवढ्यासाठी त्याने तो धोका घेतलाच नसता. म्हणजे एकाला स्कोबीचे पाप पटले नाही आणि दुसऱ्याला त्याची श्रद्धा.

मला हे दोन्ही आक्षेप वजनदार वाटतात, तरी नेमक्या जागी बसत नाहीत. स्कोबीसारखी माणसे मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. घरातल्या प्रत्येकाचे दुखणे स्वतःच्या अंगावर घेणारी, कोणाला 'नाही' म्हणू न शकणारी, आणि स्वतःला काही हवे असे कधी न सांगणारी. आपण त्यांना देवमाणसे म्हणतो. ग्रीन यांनी अशाच एका देवमाणसाच्या आत शिरून तिथे काय असते ते पाहिले. त्यांना तिथे अहंकार सापडला. स्कोबीच्या रूपाने आपल्याला हेच दाखवायचे होते, की कीव ही एका राक्षसी अहंकाराचे रूप असू शकते, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्पष्टच लिहिले आहे.

आपल्या भाषेत हे समजावून सांगायला शब्द तयार आहेत. कीव आणि दया हे आपण एकाच दमात म्हणतो, पण कीव नेहमी उभी असते आणि खाली बघते. म्हणून तर 'मला तुझी कीव येते' हे वाक्य भांडणात शिवीसारखे वापरता येते. स्कोबी साऱ्या जगाकडे असा उभ्याने पाहतो. बायकोकडे, हेलनकडे, एका पोर्तुगीज जहाजाच्या कप्तानाकडे, आणि शेवटी क्रुसावरच्या देवाकडेही. फक्त एकच माणूस त्याच्या या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही, तो म्हणजे तो स्वतः.

कादंबरीच्या पहिल्या भागातला एक प्रसंग या दृष्टीने पाहावा. आडरानातल्या एका ठाण्यावर पेंबर्टन नावाचा कोवळा अधिकारी कर्जाला भिऊन आत्महत्या करतो. स्कोबी चौकशीला जातो. तिथला धर्मगुरू हबकून गेलेला असतो. आत्महत्येला क्षमा नाही, हे त्याने पाठ केलेले असते. स्कोबी त्याला धीर देतो, की पोरगा लहान होता, त्याला काही कळत नव्हते, देवाला अशा पोरांची दया येत नाही असे मला कोणीही पटवू शकणार नाही. आपण केले तर गोष्ट निराळी, कारण आपल्याला कळते.

बारकाईने वाचले तर कादंबरीचा सगळा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे. स्कोबी दुसऱ्याचा वकील आहे आणि स्वतःचा न्यायाधीश. पेंबर्टनला त्याने जी सवलत दिली, तिच्यातली एक कवडीही तो स्वतःसाठी राखून ठेवत नाही. हा नम्रपणा वाटतो. खरे पाहता, देवाची दया सर्वांना पुरेल पण मला पुरणार नाही, एवढा मी मोठा आहे, असे त्यात म्हटलेले असते.

आमच्या धर्मशिक्षणाने याला फार जुने नाव ठेवलेले आहे, निराशा. 'आशा' हा ख्रिस्ती जीवनातला मोठा सद्गुण, आणि त्याच्याविरुद्ध दोन पापे. काहीही केले तरी देव क्षमा करीलच ही बेफिकिरी एक, आणि काही केले तरी देव क्षमा करणार नाही ही निराशा दुसरी. लहानपणी हे धडे आम्ही घोकले. पण ते कळतात एका रात्रीच्या दोन माणसांकडे पाहून. ज्या रात्री येशूला पकडले, त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी दगा दिला. यहूदाने त्याला तीस रुप्यांना विकले आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने तर पैसे परत नेऊन टाकले. पण पेत्र बाहेर जाऊन रडला आणि यहूदाने गळफास घेतला. पेत्राने, नाकारलेल्या गुरूच्या नजरेला पुन्हा नजर देण्याची लाज सोसली. ती लाज सोसण्यालाच मी दया घेण्याचे धैर्य म्हणतो. स्कोबीपाशी दुसरे सगळे धैर्य होते, हे नव्हते.

यावर कोणी विचारील, मग न्यायाचे काय? क्षमाच करायची तर कायदा कशाला? हा प्रश्न आपल्याही कीर्तनांतून शतकानुशतके विचारला गेला आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातल्या अजामिळाने मरताना आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारली. तेवढ्यावर विष्णुदूत धावले. यमदूत म्हणाले, याने आयुष्यभर जे केले त्याचा जाब कोण देणार? त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. कर्माच्या हिशेबाची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्यांच्या बाजूने बोलावेसे वाटले तर मी दोष देणार नाही. फ्रान्समधल्या आर्स या खेड्यातले धर्मगुरू जाँ मारी व्हियाने यांचीही अशीच एक गोष्ट आमच्यात सांगतात. एका बाईच्या नवऱ्याने पुलावरून नदीत उडी टाकली होती. ती दुःखाने वेडीपिशी झाली होती. तिला ते म्हणाले, पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. त्या दोन क्षणांचा साक्षीदार देवाखेरीज कोण असणार!

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाच्या प्रश्नाला फार साधे उत्तर दिले आहे. एखाद्याला शंभर देणे असता कोणी आपल्या खिशातून दोनशे दिले, तर त्याने न्याय मोडला असे आपण म्हणतो का? दया न्यायाला रद्द करीत नाही, न्याय पुरा करून वर उरते. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. शंभर द्यायचे की दोनशे, हे ठरवायला आधी देणे नेमके किती ते कळले पाहिजे. जड पाप घडायला तीन गोष्टी लागतात असे आमची शिकवण सांगते. गोष्ट गंभीर असली पाहिजे, ती करणाऱ्याला पुरती कळली पाहिजे, आणि त्याने ती मनापासून पत्करली पाहिजे. पहिली बाहेरून दिसते. उरलेल्या दोन माणसाच्या आत असतात, आणि तिथे शेजाऱ्याची नजर पोचत नाही. म्हणून संतपद देताना चर्च नाव घेऊन सांगते की अमुक माणूस स्वर्गात आहे. अमुक माणूस नरकात आहे असे मात्र तिने कोणाविषयीही, यहूदाविषयीसुद्धा, कधी जाहीर केलेले नाही. कादंबरीच्या अखेरीस लुईस आपल्या नवऱ्याच्या आत्म्याचा निकाल लावू पाहते तेव्हा फादर रँक तिच्यावर संतापतात, ते याच कारणाने. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच, की नियमांची यादी चर्चला पाठ आहे, पण एका माणसाच्या मनात काय चालले होते ते तिलाही ठाऊक नसते.

इथपर्यंत मी ग्रीन यांच्या बाजूने आहे. आता माझे भांडण.

स्कोबीच्या घरी अली नावाचा नोकर आहे. वर्षानुवर्षे त्याने स्कोबीचा चहा केला, सामान बांधले, आजारात त्याच्या उशाशी बसला. आपले गुपित अलीला कळले असेल या संशयाने स्कोबी अस्वस्थ होतो, ती अस्वस्थता युसुफजवळ बोलून दाखवतो, आणि अलीचा गळा चिरला जातो. स्कोबीने खून करा म्हटले नाही. पण आपण काय सुरू करून दिले, हे न समजण्याइतका तो भोळाही नाही. पुस्तकाला पाऊणशे वर्षे होऊन गेली. स्कोबी तरला की नाही यावर इतकी पाने लिहिली गेली, पण त्या मानाने अलीबद्दल फार थोडे! साहेबाचा आत्मा हा धर्मशास्त्राचा प्रश्न होतो आणि नोकराचा जीव कथानकाचा एक टप्पा. हा दोष टीकाकारांचा आहे तसाच थोडा ग्रीन यांचाही आहे. आम्ही स्कोबीच्या मनात इतके खोल उतरतो, की त्याच्यावर दया करणे आम्हाला फार स्वस्त पडते. अलीच्या मनात आम्हाला कोणी नेलेच नाही.

आणि इथे चर्चची शिकवण मला कादंबरीपेक्षा अधिक न्यायी वाटते. क्षमा मिळाली म्हणजे हिशेब मिटला असे ती म्हणत नाही. चोरलेले परत करावे लागते, मोडलेले सांधावे लागते, आणि जे या जन्मी सांधता आले नाही त्याची शुद्धी मरणानंतर होते. २ नोव्हेंबरच्या मेणबत्त्या त्याचसाठी तर असतात! स्कोबीने दया घेतली असती, तर त्याला जगावे लागले असते. जगून अलीच्या माणसांपुढे उभे राहावे लागले असते, युसुफचे नाव घ्यावे लागले असते, नोकरी आणि अब्रू घालवावी लागली असती, लुईसला खरे सांगावे लागले असते. मरणाने हे सारे चुकवले. म्हणून मला वाटते, दया घेणारा न्यायातून सुटत नाही. उलट तोच न्यायाच्या स्वाधीन होतो. जो दया नाकारतो तो देवापासून पळतो, तसाच अलीपासूनही पळतो.

एवढे भांडण करूनही मी ही कादंबरी मोठी मानतो, कारण ती नियमाच्या पुढे गेली तेव्हा नियम अजून थांबलेला होता. पुस्तक आले तेव्हा १९१७ सालची धर्मसंहिता चालू होती. बुद्धी शाबूत असताना जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, तीत धर्मविधीने दफन नाकारलेले होते. आमच्या गावचा तो कोपरा त्या कलमाने पडला होता. १९८३ सालच्या नव्या संहितेत दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या करणारे वगळले गेले. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट सांगितले, की जीव घेणे हे घोर पापच आहे, परंतु मनाचा आजार, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाची आशा सोडू नये. देव त्यांना, फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या वाटांनी, पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आर्सच्या धर्मगुरूंनी पुलावर जे पाहिले ते आता ग्रंथात आले.

नियम बदलला, जिभा मात्र सावकाश बदलतात. अजूनही अशा घरी माणसे कुजबुजतात, "मातीला फादर आले होते का?" आणि त्या घरातली माणसे वर्षानुवर्षे मान खाली घालून चालतात. तेव्हा एवढेच म्हणावेसे वाटते, की तुमच्या घरात, शेजारात एखादा स्कोबी असेल, सगळ्यांचे ओझे वाहणारा आणि स्वतःचे कधीच न बोलणारा, तर या सणाच्या दिवसांत त्याच्याजवळ थोडे बसा. त्याला काही विचारा. आणि तो स्कोबी तुम्हीच असाल, तर कोणाजवळ तरी बोला. ज्याने आयुष्यभर दिले त्याला मागायला लाज वाटते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

माझी आजी शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. गावातल्या साऱ्या बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना पेज नेऊन देणारी ही बाई, पण दुसऱ्याच्या हातून खायला तयार नसे. हात थरथरत, पेज पदरावर सांडे, तरी चमचा सोडीत नसे. आई रडकुंडीला येई. फादर येऊन शेवटचे तैल लावून गेले, तेही तिने "उगाच तुम्हाला त्रास" म्हणत लावून घेतले. एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून सहज तिला त्या कोपऱ्यातल्या मेणबत्तीची आठवण दिली आणि म्हटले, "आजी, त्याने कोणाजवळ एक शब्द टाकला असता तर?"

ती बराच वेळ वर कौलांकडे बघत पडून राहिली. मग चमचा माझ्या हातात दिला आणि तोंड उघडले.